अकरा सेकंदांचा दम

पंचाचं काम म्हणजे दुसऱ्याचा दम मोजणं. मी शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून तीस वर्षं काढली आणि सुट्टीच्या दिवशी सांगली-सातारा भागात कबड्डीचे सामने चालवले. या दिवाळी अंकासाठी संपादकांनी त्या सामन्यांवरच लिहायला सांगितलं होतं. पण कबड्डीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. निवृत्तीनंतर मी ज्या खेळाचा पंच झालो त्याबद्दल लिहावं म्हणतो, कारण माझ्या पंचगिरीतली सगळ्यात मोठी चूक त्या खेळात झाली आणि ती मी अजून जाहीरपणे कुठे लिहिलेली नाही.

हा खेळ कॉम्प्युटरवर चालतो. माझा जुना विद्यार्थी राजू एके काळी शाळेच्या कबड्डी संघात कोपरा सांभाळायचा. आता चाळिशी उलटलेला राजू विश्रामबागेत गेमिंग कॅफे चालवतो. वीस कॉम्प्युटर, वीस खुर्च्या, आणि सगळ्यांच्या कानावर हेडफोन. तिथं बंदुकीच्या खेळाच्या स्पर्धा व्हायच्या आणि प्रत्येक स्पर्धेचा शेवट भांडणात व्हायचा. एक दिवस तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, गेम कळणारी पन्नास पोरं हायत माझ्याकडं. मला पंच पाहिजे."

मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं आणि कॉम्प्युटरमधलं त्याहून कमी. पंधरा दिवस वही घेऊन पोरांच्या खुर्च्यांमागे बसलो. डोळे चुरचुरायचे. म्हातारपणी कसला नाद लागला म्हणून बायको चार ठिकाणी सांगत सुटली. पहिल्या सामन्याला मी सवयीनं शिट्टी नेली होती. ती फुंकली तेव्हा एकानंही मान वर केली नाही, कारण हेडफोनमधून कुणाला ती ऐकूच गेली नाही. तेव्हापासून हात वर करायचं ठरलं.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाच विरुद्ध पाच. एक संघ ठरावीक जागेवर चाल करून जातो, दुसरा ती जागा राखतो; वेळ संपेपर्यंत राखली की राउंड त्याचा. ज्याला वर्मी गोळी लागली तो त्या राउंडपुरता बाद; नुसता जखमी झालेला आडोशाला थोडं थांबला की बरा होतो. डाव्या हाताच्या करंगळीनं एक बटण दाबून धरलं की पडद्यावरचा माणूस जोरात पळतो. याला स्प्रिंट म्हणतात. पळताना बंदूक खाली जाते, गोळी झाडता येत नाही. थांबल्यावर ती वर यायला क्षणभर लागतो. शिवाय पळणाऱ्याच्या पायांचा आवाज समोरच्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येतो. मुरलेला खेळाडू त्या आवाजावरून पळणारा कुठल्या भिंतीआड आहे ते सांगतो. थोडक्यात, इथं डोळ्यांइतकंच कानांनी खेळावं लागतं.

तर भांडण या पळण्यावरून होतं. एक बाजू म्हणायची, स्प्रिंट असल्यामुळे खेळच राहत नाही. मार खाल्लेला गडी पळून जातो, भिंतीआड बरा होतो आणि परत येतो. ज्यानं नेम धरून कमावलं त्याच्या पदरात काही पडत नाही. दुसरी बाजू म्हणायची, पळायचं नसेल तर चाल करायची कशी? मग सगळे कोपरे धरून बसतील आणि जो आधी कंटाळून बाहेर येईल तो मरेल. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पंचाला असा वाद सगळ्यात अवघड जातो.

त्या वेळी कॅफेच्या सर्व्हरवर पळण्याला काही मर्यादाच नव्हती. एका सामन्यात जागा राखणाऱ्या इस्लामपूरच्या संघातला शेवटचा एकटा उरलेला गडी पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल पळत राहिला. मागे दोघं पळतायत, पुढे हा पळतोय, आणि पळताना कुणालाच गोळी झाडता येत नाही. वेळ संपला आणि राउंड त्याला मिळाला. बघणारी पोरं आधी हसली, मग खुर्च्या सरकल्या, मग एकमेकांच्या कॉलरला हात गेले. मी मधे उभा राहिलो म्हणून थोडक्यात निभावलं.

त्या दिवशी साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार पुतण्याला न्यायला आले होते. ते मागे उभं राहून सगळं बघत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ह्यातलं सगळं चालंल बघा. पण इतकं पळून आलेल्या माणसाची छाती भात्यावाणी चालती. दोन श्वास आत घेतल्याबिगर नेम लागतच न्हाई. ह्या पोरांचा माणूस श्वासच घेत न्हाई."

ते वाक्य माझ्या मनात बसलं, कारण मी कबड्डीचा माणूस. कबड्डीत चढाई करणारा कितीही चपळ असो, एकाच दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत यावं लागतं. दम तुटला की बाद. पळणं हे त्याचं हत्यार खरं, पण त्यासाठी तो दम खर्च करतो. आणि दम ओळखण्यात माझा हात कुणी धरला नसता. हजार माणसं ओरडत असताना रेषेवर उभं राहून मी कानानं सांगायचो की याचा दम तुटला. एकदा एका मोठ्या खेळाडूला शेवटच्या चढाईत बाद दिलं तर त्याच्या गावची माणसं माझ्या अंगावर आली. खेळाडूनं स्वतःच हात वर करून सांगितलं, तुटला होता. याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

मी राजूला म्हटलं, आपण स्प्रिंट बंद करायची नाही, तिला दम लावायचा. सर्व्हरवर ती सोय आहे असं तो म्हणाला. सलग किती सेकंद पळता येईल तो आकडा भरायचा. तेवढं पळून झालं की माणूस आपोआप चालायला लागतो आणि तितकाच वेळ गेल्यावर परत पळू शकतो. आकडा किती ठेवायचा एवढंच बाकी होतं.

तो आकडा मी ठरवला. कॅफेच्या मधोमध उभा राहिलो, राजूच्या हातात घड्याळ दिलं, छाती भरून घेतली आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणायला सुरुवात केली. पोरं हेडफोन काढून बघत राहिली. दम तुटला तसा मी हात वर केला. राजूनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे.

"अकरा," तो म्हणाला.

मला आकडा कमी वाटला होता, खोटं कशाला सांगू? तरुणपणी मी याच्या तिप्पट म्हणायचो. पण ओझं आणि बंदूक घेऊन पळणाऱ्याचा दम कमीच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला होता. त्यातून उठलो ते ठणठणीत झालो असंच मी सगळ्यांना सांगायचो. जिना चढताना मधे थांबायचो तेव्हा खिशात किल्ली शोधल्यासारखं करायचो. हे त्या वेळी मनात आलंच नाही, किंवा मी येऊ दिलं नाही. मी वहीत लिहिलं: सलग पळणं, अकरा सेकंद. त्याच नियमावर दोन महिन्यांनी इस्लामपूरला मोठी स्पर्धा व्हायची होती.

आता प्रियांकाबद्दल सांगतो. ती कुंडलची. बी.कॉम. झालेली, वय तेवीस. रोज एस.टी.नं विश्रामबागेत यायची आणि तिच्या पाच जणांच्या संघात चाल करायचं काम तिचं. पळत शिरायचं, समोरच्यांची घडी विस्कटायची आणि मागच्यांना वाट करून द्यायची. ती कमी बोलायची. खेळताना डोळे अर्धे मिटायची, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. इस्लामपूरला जिंकणाऱ्या संघातून पुण्याचा एक व्यावसायिक संघ दोन खेळाडू उचलणार होता. तिच्या वडिलांनी एवढ्या एका स्पर्धेची मुभा दिली होती. जिंकलीस तर पुण्याला जा, नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात जागा होतेय तिथं चिकटायचं. ते वाईट नव्हते. ऊस आणि दोन म्हशी सांभाळून त्यांनी तिला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्यांना फक्त कुठेतरी रेघ मारायची होती.

सरावाला सुरुवात झाली आणि आठवड्याभरात तक्रारी आल्या. चाल करणारे हरायला लागले होते. एका पोरानं मला पडद्यावर दाखवलं की सुरुवातीच्या जागेपासून, जी जागा घ्यायची त्या गोदामाच्या भिंतीपर्यंत पळत जायला चौदा सेकंद लागतात. अकराला दम जातो आणि पुढचं अंतर उघड्यावर चालत काटावं लागतं. "सर, ह्यात बॅलन्सच राहिला न्हाई. कोपऱ्यात बसलेल्याला नुसतं मोजायचं हाय," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की नियम दोघांना सारखा आहे. मधे थांबून दम घ्या, वाट बदला, डोकं चालवा. तीस वर्षं मी हेच शिकवलं होतं, की नियम सगळ्यांना सारखा असला की न्याय झाला. हरणारा नेहमी मैदानावर खापर फोडतो हेही मी पुष्कळ पाहिलं होतं. म्हणून त्याचं म्हणणं मी हरणाऱ्याचं म्हणणं समजलो. नियम सारखा असूनही पळणाऱ्याचे पाय बांधतो आणि बसणाऱ्याला आणखी ऐसपैस बसवतो, हे त्यानं मला पडद्यावर मोजून दाखवलं होतं आणि मी बघितलं नाही.

प्रियांकानं तक्रार केली नाही. ती अकरा सेकंदांत खेळायला शिकली. दोन महिने ती तेच करत होती. कुठे पळायचं, कुठे तीन पावलं चालायचं, कुठे थांबायचं, हे सगळं तिनं बोटांत मुरवलं. त्यामुळे तिचा संघ अंतिम सामन्यापर्यंत आला. चाल करून खेळणारा तेवढा एकच संघ उरला होता. मला ते माझ्या नियमाचं यश वाटलं.

इस्लामपूरच्या मंगल कार्यालयात दुपारी अंतिम सामना झाला. मी स्टेजवर उभं राहून नियम वाचून दाखवले. दोन्ही संघांचे राउंड सारखे झाले आणि शेवटचा एक राउंड उरला. नाणेफेकीत चाल करायचं प्रियांकाच्या संघाकडे आलं. वेळ संपत आला तेव्हा तिच्या बाजूला ती एकटी आणि समोरच्या बाजूला गोदामाच्या कोपऱ्यात बसलेला एक गडी उरला होता. सेकंद इतके थोडे होते की मधे थांबून दम घेणं शक्यच नव्हतं. ती निघाली. मागच्या मोठ्या पडद्यावर सगळं कार्यालय बघत होतं. भिंत अगदी जवळ आली आणि तिचा माणूस पळायचा थांबून चालायला लागला. कोपऱ्यातला गडी उठून उभा राहिला आणि त्यानं शांतपणे गोळी झाडली.

मी दुसऱ्या संघाच्या बाजूनं हात वर केला.

तिनं हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. जिंकलेल्या पाचही जणांशी हात मिळवला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मागे तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते.

"सर, अकरा कुठनं आलं?"

"दमावरनं," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

मी म्हटलं, "पंचाला प्रश्न विचारायचा नसतो."

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते म्हणालो याची मला आजही लाज वाटते. ती मान हलवून वडिलांबरोबर निघून गेली.

पुढच्या महिन्यात खोकला थांबेना म्हणून मुलानं मला सांगलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं. तीन वेळा फुंकलं. तिसऱ्या वेळी मला टेबलाचा आधार घ्यावा लागला. कागद बघून डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं निम्मीच काम करतायत आणि हे आजचं नाही, त्या न्यूमोनियापासूनचं दिसतंय. मुलगा औषधं विचारत होता. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. निम्मं असेल तर ते बावीस व्हायला पाहिजे होतं.

दवाखान्यातून मी थेट कॅफेत गेलो. राजूला विचारलं, "त्या दिवशी तुला शंका आली होती का?"

तो बराच वेळ माऊसची वायर सरळ करत राहिला. मग म्हणाला, "सर, त्याच दिवशी घरी जाऊन म्या सवता 'कबड्डी कबड्डी' म्हणून बघितलं. तेवीस आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमाला कसं सांगायचं? तुमीच दम शिकवलाय आमाला. तुमचा दम कमी पडला हे तुमच्या तोंडावर कोण म्हणंल?"

त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. आमच्याकडे सरांचं चुकलं असं कुणी म्हणत नाही आणि या पद्धतीचा फायदा मी आयुष्यभर घेतला होता. मी स्पर्धा भरवणाऱ्यांना पत्र लिहिलं की आकडा चुकीचा होता आणि चूक माझी आहे. त्यांचं सभ्य उत्तर आलं. नियम आधी जाहीर झाला होता, दोन्ही संघांना मान्य होता, निकाल बदलता येणार नाही. पुण्याच्या संघानं जिंकलेल्यांतले दोघं केव्हाच नेले होते. पत्रावर पत्र लिहून उपयोग नव्हता. एका रविवारी सकाळी मी कुंडलची एस.टी. धरली.

प्रियांका घरीच होती. कारखान्याच्या ऑफिसात लागून तिला तीन आठवडे झाले होते. वडील म्हशींना वैरण टाकत होते. मला बघून लगबगीनं आले. "आवं सर, सांगावा धाडला असता तर म्या आलो असतो की," म्हणत त्यांनी अंगणात खुर्ची मांडली. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्या उभ्या दोघांसमोर सगळं सांगितलं. माझं आजारपण, माझी छाती, अकराचा आकडा आणि तिला दिलेलं उत्तर. सांगताना मला चार वेळा थांबावं लागलं. शेवटी म्हटलं, तू हरली नव्हतीस, मी तुला माझ्या छातीनं पळवलं.

वडिलांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

प्रियांका म्हणाली, "मला ठाऊक होतं सर. तुमी नियम वाचून दाखवायला लागला की एका ओळीत तीन-तीनदा थांबायचा. आमचं कानाचंच काम हाय."

जो माणूस हजारांच्या गलक्यात दुसऱ्याचा तुटलेला दम ओळखायचा, त्याचा तुटका दम सगळ्या स्पर्धेत एका मुलीनं ओळखला होता. मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. कुणाच्या म्हणून इचारलं न्हवं?"

वडिलांनी मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. चहा आला. कारखान्यातलं काम कसं आहे म्हणून मी विचारलं. बरं आहे म्हणाली. खेळतेस का, विचारलं. न्हाई म्हणाली, कॉम्प्युटर झाकून ठेवलाय.

उठताना मी खिशातून घड्याळ काढलं. राजूच्या हातात दिलं होतं तेच. तिला म्हटलं की मी आता पंच राहिलो नाही, राजूला तसं सांगून आलोय. पण सर्व्हरवरचा आकडा अजून अकराच आहे आणि तो बदलल्याशिवाय मला झोप यायची नाही. तुझी हरकत नसेल तर तो तुझ्या दमावर ठरवू. ज्यानं पळायचंय त्याच्या छातीनं मोजू.

आता मला त्याचा काय उपयोग, असं ती म्हणाली असती तर ते खरंच होतं. तिनं वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "म्हण गं."

ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला गाठ मारली, छाती भरून घेतली आणि म्हणायला लागली. आवाज मोठा नव्हता, पण शब्दांमधे कुठे फट नव्हती. मी घड्याळाकडे बघत होतो. तिच्यापाशी घड्याळ नव्हतं. काटा अकरावर आला त्या क्षणी तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत अकरा तिच्या अंगात मुरले होते, ते तिला बघावे लागत नव्हते. मला वाटलं ती आता थांबेल.

ती थांबली नाही. माझ्याकडे बघतच ती पुढे म्हणत राहिली आणि मी घड्याळ धरून उभा राहिलो.